गुरुजी गेल्यावर काय उरते?

नामपल्ली स्टेशनावर उतरून बशीरबागेकडे निघाले की थोड्याच अंतरावर लालबहादूर शास्त्री स्टेडियम लागते. जुने हैदराबादकर त्याला अजून फत्ते मैदानच म्हणतात. याच शहराने फुटबॉलला सय्यद अब्दुल रहीम नावाचा गुरू दिला.

रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. तरुणपणी ते स्वतः खेळले आणि १९४३ पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवू लागले. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले व १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला.

१९६२ साली ते संघ घेऊन जकार्ताला गेले, तेव्हा कर्करोगाने त्यांना गाठले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला हरवले. पुढे बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली. रहीमसाहेबांनी त्याला घरी न बसवता आघाडीवर खेळवले. अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच पडला. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, आणि आपण २-१ ने जिंकलो. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब वारले.

त्यानंतर आजवर फुटबॉलचे आशियाई सुवर्ण भारताला मिळालेले नाही. मग त्यांचे श्रम वाया गेले काय?

हा प्रश्न आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही छळतो. दहा वर्षे शिकवलेली मुले मोठी होतात, आणि मंदिराची बाके रिकामी दिसतात. अशा वेळी पौलाने करिंथकरांना दिलेला धीर आपण आठवतो: एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ देवाने दिली. हे सत्य आहे. परंतु या सत्याच्या आड आपला आळस लपू नये. वाढ देवाची असली, तरी लावणे व पाणी घालणे आपल्याकडेच सोपवलेले आहे.

तोच पौल तीमथ्याला सांगतो, की ऐकलेले अशा विश्वासू माणसांच्या हाती दे, जी इतरांनाही शिकवतील. गुरूची कसोटी येथे आहे. जकार्ताला गोल करणारे बॅनर्जी पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि १९७० साली बँकॉकला त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने कांस्यपदक मिळवले. शिष्य गुरू झाला, एवढे तरी उरले. मात्र साखळी पुढे चालवायची तर एकदोन कड्या पुरत नाहीत, हेही त्या इतिहासातून दिसते. सारा भार एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवणारी मंडळी त्या माणसाबरोबरच थकते.

म्हणून वर्षअखेरीस आपण केवळ किती मुले परीक्षेत उतरली एवढेच मोजू नये. उद्या वर्ग कोण घेईल, हेही स्वतःला विचारावे. येत्या रविवारी एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती धडा द्यावा आणि आपण मागच्या बाकावर बसावे. ती चुकेल, अडखळेल. तरी आपण उठू नये.