दर्प कुणाचा?

दिग्रसच्या बाजारात काय किंवा कोकणात काय, गिऱ्हाईक माशाचा कल्ला पाहते, हुंगते, मग भाव करते. कारखान्याच्या सांडपाण्यातली फिनॉलसारखी द्रव्ये कल्ल्यांवाटे शिरून माशाच्या चरबीत मुरतात. मग कितीही मसाला घाला, औषधी दर्प जात नाही. लोटे-परशुरामच्या सांडपाण्याने दाभोळ खाडी नासल्याचे गाऱ्हाणे तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे मांडीत आले आहेत. घाण करणारा एक, आणि नाक मुरडले जाते दुसऱ्याच्या टोपलीपुढे! हा कुठला न्याय?

दर्प निदान सावध तरी करतो. १९५६ साली जपानात मिनामाता येथे उघडकीस आलेल्या रोगाचे मूळ होते माशांतला पारा. त्याला ना वास, ना चव. म्हणून वाचकहो, जिथे नाक हरते तिथे विवेकाने हुंगावे. टोपलीतला कल्ला पाहणाऱ्याने कारखान्याच्या मोरीचे तोंडही पाहावे.