चित्र एक, मुखे दोन



मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण त्रिमुखी मूर्तीसमोर हात जोडून उभे राहतो. मधले मुख पूर्ण दिसते, बाजूची दोन अर्धीच. म्हणून मूर्ती अर्धी आहे, असे कोणी म्हणते का? आज याच गोष्टीवर थोडे चिंतन करू.

एक प्रसिद्ध चित्र आहे. 1915 साली हिल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने ते एका विनोदी नियतकालिकात दिले. नाव होते ‘माझी बायको आणि माझी सासू’. चित्रात बाई एकच. आधी दिसते मान वळवलेली तरुणी. पाहत राहा, तीच नाकाडी म्हातारी होते! तरुणीची हनुवटी तेच म्हातारीचे नाक, गळ्यातली पट्टी तेच तोंड, कान तोच डोळा. कागदावरची एक रेघही हललेली नसते.

मग हलले काय? आपले पाहणे. डोळा रेघा आत पोचवतो, अर्थ मेंदू लावतो. आणि एका वेळी एकच लावतो. काही क्षणांनी तो अर्थ जणू थकतो आणि दबलेला दुसरा वर येतो. 1832 साली नेकर या स्विस शास्त्रज्ञाने स्फटिकांची चित्रे पाहताना हेच टिपले होते. कागदावरच्या आकृतीची पुढची बाजू आपोआप मागे जाई, मागची पुढे येई. दोन्ही अर्थ ठाऊक असले, कितीही जोर लावला, तरी दोन्ही एकदम दिसत नाहीत.

2018 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्या बाईचे चित्र लोकांना क्षणभर दाखवून तिचे वय विचारले. तरुणांनी ते कमी सांगितले, वयस्करांनी जास्त. म्हणजे समोरच्यात आपण थोडे स्वतःलाच पाहतो!

दोरीवर भासलेला साप दिवा आणला की जातो. इथे दिव्याचा उपयोग नाही. तरुणीही खरी, म्हातारीही खरी. माणसांचे असेच आहे. म्हातारा बाप विचारतो, “किती खर्च झाला रे?” मुलाला त्यात हिशेब दिसतो, काळजी दिसत नाही. सून दार लोटून पडली की सासूला तोरा दिसतो, शिणवटा दिसत नाही. थोडा तोरा असेलही हो! पण तेवढीच सून नव्हे. आपण मात्र पहिल्या नजरेलाच शिक्का मारतो, आणि सख्खे भाऊ वीस-वीस वर्षे एकमेकांच्या घराची पायरी चढत नाहीत.

अवधूताने चोवीस गुरू केले ते कसे? अजगरात जग आळस पाहते. त्याने मिळेल त्यात समाधान पाहिले. पिंगला वेश्या म्हणून जगाने तोंड फिरवले. तो पाहत राहिला, तेव्हा आशा सोडल्यावर तिला लाभलेली शांती त्याला दिसली.

दोन्ही मुखे एकदम दिसणार नाहीत, तो देहाचा धर्म आहे. पण आत्ता न दिसणारे मुखही आहे, हे मनात धरून राहता येते. श्रद्धा म्हणतात ती याहून वेगळी काय? यंदा प्रदक्षिणा घालताना एकच माणूस आठवा, ज्याच्यावर आपण शिक्का मारून ठेवला आहे. घरी गेलात की त्याच्याकडे पुन्हा एकदा बघा. घाई न करता बघा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥