टपाल हंशील निराळे

जुन्या मराठी मासिकांत पुस्तकांच्या जाहिराती असत. त्यांत किमतीनंतर बारीक अक्षरांत हमखास छापलेले असे: टपाल हंशील निराळे. ‘हंशील’ हा अरबी ‘हासिल’चा मराठी अवतार. जे हाती आले ते हासिल. त्यावरून वसूल, जकात, आणि पुढे टपालाचा आकार. ‘त्यात काय हशील?’ असे आपण म्हणतो तेव्हाही हाच शब्द बोलतो, फक्त तिथे तो फायद्याच्या बाजूला असतो. अनुवाद करणाऱ्याला असे शब्द मोहात पाडतात. पण त्या ओळीतला मला अडवणारा शब्द वेगळाच आहे: ‘निराळे’. पुस्तकाची किंमत एक, आणि ते तुमच्या दारापर्यंत येण्याची किंमत दुसरी. सौदा सुरळीत पार पडला तर दोन्ही एकाच खिशातून जातात आणि फरक जाणवत नाही. सौदा मोडला की जाणवतो.

रायपुरात मराठी माणूस भोसल्यांच्या काळापासून आहे. इथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, दिवाळी अंकही मिळतात. जुनी मराठी पुस्तके मात्र मला बाहेरूनच मागवावी लागतात. पूर्वी ती नागपूरच्या पाहुण्यांच्या पिशवीतून यायची, आता ऑनलाइन लिलावातून येतात. विक्रेता दोन फोटो आणि चार ओळी टाकतो, रात्री 9 वाजता बोली बंद होते. मागे एकदा अशाच लिलावात मी एक जुना शब्दकोश 1,800 रुपयांना घेतला. वर्णन होते ‘पूर्ण प्रत, बांधणी सैल’. टपालाचे 210 निराळे. कोश आला. बांधणी सैल होतीच, पण ‘भ’ संपल्यावर एकदम ‘मु’ सुरू होत होता. मधला 16 पानांचा अख्खा फर्मा नव्हता.

फोन केला. विक्रेते वयस्कर, बोलायला सज्जन. म्हणाले, “ताई, किंमत आजच परत करतो. पण टपालाचे पैसे पोस्टाने घेतले, ते माझ्याकडे आहेत कुठे? आणि परत पाठवायचा खर्च तुम्हीच करा.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. किंमत त्यांच्याकडे होती, ती परत फिरू शकत होती. टपालाचे 210 रुपये आम्हा दोघांपैकी कोणाकडेच नव्हते. ज्यांनी ते घेतले त्यांनी काम चोख केले होते. पार्सल वेळेत आणि कोरडे पोहोचले होते. तेव्हा हे पैसे परत मिळवायचे नव्हतेच. कोणाचे बुडाले एवढेच ठरवायचे होते.

दोष कोणाचा ते बघा आणि त्याच्यावर टाका, हे पहिले उत्तर. पण विक्रेत्याने लबाडी केली नव्हती. हजार पानांचा कोश कोण पान-पान मोजतो? माझाही दोष नव्हता. मग निम्मे-निम्मे करा, असे समजूतदार माणसे सुचवतात. मला ते पटत नाही. दोष नसला म्हणजे जबाबदारीही नसते, असे त्यात गृहीत धरले आहे. जामीन राहिलेला माणूस गुन्हेगार नसतो, तरी वेळ आली की पैसे तोच भरतो.

बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात बघते, त्याला चार पावले चालवते. सरकारी लिलावात ‘जसे आहे, जिथे आहे’ असे लिहिलेले असते, आणि माल आधी बघायला वेळ दिलेला असतो. बघायची मुभा होती, म्हणून घेतल्यावर तक्रार नाही. ऑनलाइन लिलावाने नेमकी ही मुभा काढून घेतली आणि तिच्या जागी विक्रेत्याच्या चार ओळी बसवल्या. रायपुरात बसून मी ‘म’ उघडून पाहू शकत नव्हते. माझे 1,800 आणि माझ्याशी चढाओढ करणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचे 1,750, दोन्ही ‘पूर्ण प्रत’ या दोन शब्दांवर लागले होते. पार्सल रस्त्याला लागले ते त्या शब्दांमुळे. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च त्या शब्दांच्या धन्याचा. शिक्षा म्हणून नव्हे, जामीन म्हणून.

हा ग्राहकाच्या सोयीचा नियम नाही. व्ही.पी.चे दिवस आठवा. वाचक पत्र लिहून पुस्तक मागवायचा, आणि पोस्टमन दारात आला की ‘नको’ म्हणायचा. पुस्तक परत, आणि टपालाचा भुर्दंड प्रकाशकाला. तिथे पार्सल वाचकाच्या शब्दावर निघाले होते. खर्च त्याचाच व्हायला हवा होता. ‘आता मन बदलले’ म्हणणाऱ्या आजच्या ग्राहकालाही मी हेच सांगेन. युरोपीय संघाच्या 2011च्या निर्देशानुसार ऑनलाइन खरेदीत मन बदलले तर पाठवण्याचा साधा खर्च विक्रेता परत देतो आणि परतीचा सहसा ग्राहक सोसतो. मोठ्या कंपन्यांना ते झेपते. एका खोलीत रद्दीतून पुस्तके वेचून विकणाऱ्याला कसे झेपावे?

आपल्याकडचा 1930चा मालविक्री कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. कलम 43 म्हणते की, वेगळे काही ठरलेले नसेल तर, योग्य कारणाने माल नाकारणारा ग्राहक तो परत पाठवायला बांधील नाही. नाकारत असल्याचे कळवले की पुरे. म्हणजे ‘आधी पाठवा, मग पैसे’ हा सर्रास चालणारा रिवाज कायद्याचा नव्हे, विक्रेत्यांच्या अटींचा. ई-कॉमर्सचे 2020चे नियम सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला लावतात. स्वतःचा साठा विकणाऱ्या संस्थांनी परतीच्या वाहतुकीच्या खर्चाची माहिती द्यावी, असेही ते सांगतात. तो खर्च कोणाचा, यावर तिथे मौन आहे.

मी विक्रेत्यांना कलम वाचून दाखवले नाही. काका म्हणत होते त्यांना, शोभले नसते. “कोश माझ्याकडेच राहू द्या, फर्मा नसलेल्या प्रतीची किंमत तुम्हीच लावा,” एवढे म्हणाले. त्यांनी 1,000 रुपये परत केले. परतीचे टपाल वाचले, येण्याचे त्यात जिरले.

हे लहान पुस्तकांना जमत नाही. 150 रुपयांचे पुस्तक गेले आणि आले की टपालच किमतीला ओलांडते. त्यात 2024च्या डिसेंबरात पोस्टाने स्वस्तातले रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केले, आणि 2025मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. माझा नियम काटेकोर लावला तर अशी पुस्तके विकायला कोणी धजणार नाही, हा आक्षेप मला खरा वाटतो. त्यावर काही विक्रेत्यांनी आपला तोडगा काढला आहे. ते वर्णनात सरळ लिहितात: ‘पाने मोजलेली नाहीत.’ तिथे मी बोली कमी लावते, आणि पाने कमी निघाली तर दोन्हीकडचे टपाल माझे.