पेशंटला आत बोलवा

परभणी, पाथरी किंवा गंगाखेडच्या एखाद्या घरात तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं, की आधी दोनच प्रश्न निघतात: न्यायचं कुठं आणि पैसा आणायचा कुठून. उत्तरंही बहुतेक ठरलेली असतात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शी, नाहीतर रात्रीची देवगिरी धरून परळचं टाटा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड, सीटीच्या फिल्म एका पिशवीत जमा होतात. थोरला मुलगा, मेहुणा, गावातला एखादा माहीतगार सोबत निघतो. आजारी माणूसही असतो, पण त्याला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत ते अगदी उघड होतं. तपासून झालं की कुणीतरी हळूच म्हणतं, "बाबांना जरा बाहेर बसवतो." दार लोटलं जातं. आत महिन्यांची आणि लाखांची भाषा सुरू होते. बाहेर बाकावर तोंडाला दस्ती लावून ज्याचा जीव पणाला लागलाय तो बसलेला. नातेवाईक बाहेर येऊन सांगतात, "काही नाही, गाठ आहे, औषधानं जाईल." हे मायेपोटीच होतं. पण त्या मायेमुळे आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय त्या माणसाच्या पाठीमागे घेतला जातो, आणि हे चूक आहे.

पैशाची अडचण काही प्रमाणात हलकी झाली आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत परभणीसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही घेतलं होतं. 2023 च्या शासन निर्णयानं योजना सर्वांना खुली झाली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांवर गेली. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आसरा मिळू शकतो. तरी बुडालेला रोज कुणी भरून देत नाही आणि गावाकडची पेरणी थांबत नाही. म्हणून एवढं सगळं करून हाती काय लागणार, हे आजारी माणसालाच आधी कळायला हवं.

उलटून आलेल्या किंवा पसरलेल्या, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या डोकं-मानेच्या कर्करोगाच्या 422 रुग्णांवर टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन उपचारांची तुलना केली. काहींना दर 3 आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन हे औषध, तर काहींना तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्या. 2020 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये निष्कर्ष आले: गोळ्यांच्या गटाचं मध्यक (मीडियन) आयुष्य 7.5 महिने, सलाइनवाल्यांचं 6.1, गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी. सोनपेठच्या माणसासाठी या आकड्यांचा अर्थ फार मोठा आहे. मुंबईच्या खेपा कमी करून बराच काळ घरी काढता येईल, असा मार्ग त्याच्यापुढे ठेवता येतो. हा मार्ग प्रत्येकाला लागू नाही. लहान मुलं असलेला चाळिशीतला माणूस म्हणेल, जे जे असेल ते करा, त्याचंही बरोबर. पण दोन्ही वाटा त्याला सांगितल्याच नाहीत, तर तो निवडणार कसा?

"खरं कळलं तर हाय खातील," असं यावर हमखास म्हटलं जातं. पण ज्याचं तोंड उघडत नाही, ज्याला नाकातल्या नळीतून सिरिंजनं वरणाचं पाणी दिलं जातं, त्याला काहीच कळलेलं नाही असं मानणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं. शेताची वाटणी, लेकीचं लग्न, कुणाचं देणं, कुणाशी तुटलेलं बोलणं, यातलं त्याच्या मनात काय राहिलंय ते त्यालाच ठाऊक. शिवाय घरच्यांच्या निर्णयामागे एक धास्तीही असते: पोरांनी बापाचा दवाखाना केला नाही, असं गाव म्हणेल. त्या बोलण्याच्या भीतीनं कितीतरी जण शेवटचे दिवस आयसीयूत काढतात.

पॅलिएटिव्ह केअर (दुखणं, त्रास हलका करणारी सेवा) म्हणजे हात टेकणं, हा समजही सोडायला हवा. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य 11.6 महिने, बाकीच्यांचं 8.9, आणि शेवटी आक्रमक उपचार पहिल्या गटानं कमी घेतले.

नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला विनोबांनी औषध, अन्न, पाणी नाकारलं आणि त्यांचा शब्द आश्रमानं मानला. पूर्णा तालुक्यातल्या एखाद्या आजीच्या 'पुरे आता'ला तेवढं वजन नसतं. कायद्यानं मात्र ते दिलं आहे. अरुणा शानबाग प्रकरणानं उभा केलेला इच्छामरणाचा प्रश्न पुढे नेत सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली लिव्हिंग विल (पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून रुग्णाशी संवाद हा विषयही आहे. तिथल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तो पुस्तकातून न शिकवता प्रत्यक्ष अशा बोलण्याला बसवावं. आणि घरच्यांनी, पुढच्या वेळी डॉक्टरांच्या खोलीत शिरताना, आजारी माणसासाठी खुर्ची आत मागून घ्यावी.