राजा झोपायचा कुठं?

सौंदडहून गाडी अर्जुनीकडे निघाली की शेतांमागे जंगल दाटायला लागतं. त्याच अंगाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसं तिथे महादेवाला जातात. लहानपणी चढ चढताना मी आजीला विचारायचो, "आजी, राजा झोपायचा कुठं?" ती म्हणायची, "चाल, चाल, ऊन चढते."

गोष्टीतल्या राजाला आपण गड आणि महाल एकदमच देऊन टाकतो, पण दोघांची घडण निराळी. गडाची नजर बाहेर. तट, बुरूज, पाण्याचं टाकं, दारूचं कोठार, सगळं येणाऱ्या शत्रूचा विचार करून केलेलं. वाड्याची नजर आत, चौकाकडे, देवघराकडे. गड बांधताना राजा शत्रूला ओळखून असतो. वाडा बांधताना त्याला आपल्या माणसांवर विश्वास टाकावा लागतो. मला हे दुसरं काम जास्त धाडसाचं वाटतं.

पुण्याच्या शनिवारवाड्याला तटही आहे आणि नऊ बुरूजही. दिल्ली दरवाज्यापाशी मान वर करून बघा. हत्तीचं कपाळ जिथे धडकेल, तिथे अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेत. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा जीव घेतला तो वाड्याच्याच चाकरीतल्या गारद्यांनी. खिळे बाहेरच्या बाजूला होते.

आमचा मुलूख भोसल्यांचा. नागपूरच्या वाड्यात १८१७च्या फेब्रुवारीत परसोजी भोसले अंथरुणातच मेलेले आढळले. संशय गेला चुलतभाऊ आप्पासाहेबांवर. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेबांची फौज इंग्रजांकडून हरली. कोरीव लाकूडकामाचा तो वाडा १८६४ मध्ये जळाला. नाव तेवढं वस्तीला चिकटून राहिलं, महाल.

रायगडावर गड आणि राजवाडा एकाच माथ्यावर. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लावली, लाकूड गेलं, दगडी जोती राहिली. टकमक टोकावर पोरं मोठ्यानं ओरडतात, पण राजवाड्याच्या जोत्यांपाशी आली की आपोआप हळू बोलायला लागतात. कुणाच्या घरात शिरल्यासारखी. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा वाटाड्यानं एका चौथऱ्याकडे बोट केलं, "महाराज इथं राहायचे." मी बराच वेळ तिथे उभा होतो. आजी असती तर तिला हाताला धरून त्या दगडावर टेकवलं असतं.