ध्वनिमुद्रित आवाज आणि ‘मी’

स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज अनेकांना ऐकवत नाही. मोबाइलवरून धाडलेला आवाजी निरोप धाडणाऱ्यानेच पुन्हा ऐकला, की तो पातळ, चिरका, काहीसा नाकातला वाटतो आणि ‘हा माझा आवाज नाही’ असे शब्द तोंडून निघतात. शेजारी बसलेल्याला मात्र त्यात काहीच वेगळे जाणवत नाही. या साध्या अनुभवात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे : माणूस ‘मी’ म्हणून नेमके कशाला ओळखतो?

यामागचे शारीरिक कारण स्पष्ट आहे. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेची. दुसरी हाडांची, जिच्यातून कंठातील कंपने कवटीमार्गे थेट अंतःकर्णात पोचतात. या दुसऱ्या वाटेने खालचे स्वर अधिक ठळक होतात. दोन्ही कानांत बोटे घालून, ओठ मिटून ‘म्’ असा सूर धरला, तर डोक्यात घुमणारा हा भरदारपणा लगेच कळतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज उतरतो. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ तयार करेपर्यंत, प्रतिध्वनी सोडला तर, इतरांना ऐकू येणारा आपला आवाज ऐकण्याची सोय माणसाला नव्हती.

पण एवढ्याने नावडीचा उलगडा होत नाही. हॉल्झमन आणि राउसी या संशोधकांनी १९६६ मध्ये असे मांडले, की अशा वेळी माणसाला आवाजातला फरकच नव्हे, तर त्यातून नकळत उघड झालेले आपले मनही ऐकू येते. ह्यूज आणि हॅरिसन यांच्या २०१३ मधील प्रयोगात लोकांना अनेक आवाजांची गोडी ठरवायला सांगितली. त्यांत स्वतःचाही आवाज आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. इतरांनी त्यांच्या आवाजाला जेवढे गुण दिले, त्याहून अधिक त्यांनी स्वतः दिले. म्हणजे ध्वनी मुळात वाईट नसतो. ‘हा मी’ ही ओळख त्याला चिकटली, की तो खुपू लागतो.

मग खरा आवाज कोणता? न्याय-वैशेषिक दर्शनात याचे मार्मिक उत्तर सापडते. पाण्यावर एका लाटेतून दुसरी उठावी, तसा शब्दातून, म्हणजे ध्वनीतून, शब्द निर्माण होत जातो आणि कानात उपजलेला शेवटचा शब्दच ऐकू येतो, हाच वीचीतरंगन्याय. तो मानला, तर कंठात जन्मलेला पहिला ध्वनी कोणाच्याच कानी पडत नाही, बोलणाऱ्याच्याही नाही. ‘अस्सल’ आवाजावर कोणाचीच मालकी उरत नाही.

अद्वैत वेदान्त याच्या पुढे जातो. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच अध्यासाच्या, म्हणजे एकाचे धर्म दुसऱ्यावर लादण्याच्या, विवेचनाने होतो. जे जाणले जाते ते दृश्य आणि जाणणारा तो द्रष्टा. या विवेकानुसार डोक्यात घुमणारा आवाज आणि यंत्रातून येणारा आवाज, दोन्ही ऐकले जातात. म्हणून दोन्ही दृश्यच ठरतात. ऐकणारा ‘मी’ या दोहोंहून वेगळा आहे. पहिल्या आवाजालाच ‘मी’ मानल्यामुळे दुसरा परका वाटतो.

तेव्हा ध्वनिमुद्रण खोटे बोलत नाही. आई, मुले, मित्र ज्या आवाजाने माणसाला ओळखतात, जो ऐकून दार उघडतात, तो हाच आवाज आहे. त्याला परका न मानता शांतपणे ऐकावे.