ठळक अक्षराचा अधिकार

मोठ्याने बोलण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो? मुद्रणकलेत हा नीतिप्रश्न रोज उपस्थित होतो. कारण तेथे आवाजाचे काम अक्षराचा ठळकपणा करतो.

रोमन लिपीतील जुन्या टाइपांत रेघांच्या टोकांना बारीक फाटे असत. त्यांना 'सेरिफ' म्हणतात. हे फाटे छाटलेला छपाईचा टाइप लंडनच्या कॅस्लन यांच्या फाउंड्रीने १८१६ च्या सुमारास नमुनापुस्तकात दाखविला. त्याच परंपरेत १९६५ साली जेफ्री ली यांनी रेखिलेला 'इम्पॅक्ट' शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने बाजारात आणला. नावाचा अर्थच आघात! रेघा जाड, अक्षरे अरुंद व एकमेकांस खेटून उभी, आणि त्यांच्या पोटातील पांढरी जागा जेमतेम फटीएवढी. दिलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरावी, हा कर्त्याचा हेतू होता.

भिंतीवरील दोन शब्द हा टाइप रस्त्यापलीकडच्या माणसालाही वाचावयास लावतो. परंतु त्यातच सबंध परिच्छेद जुळविला, तर फटी बुजल्यासारख्या होतात व डोळा शिणतो. सभोवतालच्या शुभ्र जागेवरच त्याचा जोर अवलंबून असतो.

ह्याहून खोल अशी एक मर्यादा त्याला आहे. 'कदाचित', 'बहुधा', 'माझ्या मते' हे शब्द त्यात छापून पाहावेत. ते हास्यास्पद वाटतात. ह्या अक्षराला शंका व्यक्त करता येत नाही. 'पुढे पूल खचला आहे' हे असे ओरडून सांगणे कर्तव्यच होय. त्यात हित वाचणाऱ्याचे आहे. पण जाहिरातीत 'व्याज नाही' हे शब्द हातभर उंच आणि त्याच्या अटी पायथ्याशी मुंगीएवढ्या असतील, तर प्रत्येक शब्द खरा असूनही पान खोटे ठरते.

अक्षर निर्दोष, दोष वापरणाऱ्याचा, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक साधनाला स्वतःचा कल असतो, आणि तो ओळखणे हाही वापरणाऱ्याच्या जबाबदारीचाच भाग आहे. आपणां कचेरीतील मंडळींना हे सांगावयास नको. प्रत्येक फाइलीवर 'तातडीचे' अशी चिठ्ठी लागली, की कोणतीच फाइल तातडीची राहत नाही. आणि पेन्शनवाचून अडलेल्या एखाद्या विधवेचा कागद त्या गठ्ठ्याच्या तळाशी पडून राहतो. अकारण दिलेल्या जोराची किंमत अशी तिसऱ्यालाच मोजावी लागते.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टने हा टाइप संगणकासाठी विनामूल्य उपलब्ध करून दिला. पूर्वी जाड खिळा उचलताना जुळाऱ्याला निदान तो खण शोधावा लागे. आता एक बोट पुरते. म्हणून तो विचार आपणांसच करावा लागेल: हा शब्द मी ठळक करतो तो वाचणाऱ्याच्या हितासाठी, की केवळ माझ्याकडे लक्ष जावे म्हणून?